नवी माणसं कुठून येतात

पार्वतीबाई आठवले 1918 मध्ये अमेरिकेला निघाल्या तेव्हा त्या अठ्ठेचाळीस वर्षांच्या होत्या आणि त्यांना इंग्रजी जेमतेम कळत होतं. ऐन विशीत वैधव्य आलेलं, पदरात एक मुलगा. बहीण आनंदीबाई, म्हणजे बाया कर्वे, पुण्यात होती. तिच्या आधाराने त्या पुण्याला आल्या आणि अण्णासाहेब कर्व्यांनी 1896 मध्ये सुरू केलेल्या अनाथ बालिकाश्रमात सुरुवातीच्या काळातच दाखल झाल्या. तिथे शिकल्या, तिथेच शिकवू लागल्या, आश्रमाची व्यवस्था सांभाळू लागल्या आणि मग आश्रमासाठी वर्गणी मागत गावोगाव फिरू लागल्या. इंग्रजी आलं तर आणखी लोकांपर्यंत पोचता येईल, म्हणून त्या थेट अमेरिकेला गेल्या. तिथे परक्यांच्या घरी घरकाम करून पोट भरलं, भाषा शिकल्या आणि आश्रमासाठी मदतही मिळवली. परत आल्यावर काही वर्षांनी, 1928 मध्ये, ‘माझी कहाणी’ हे आत्मचरित्र लिहिलं.

आजच्या एखाद्या संस्थेच्या नोंदींत पार्वतीबाईंना बसवायचं म्हटलं तर त्यांचं नाव कोणत्या रकान्यात लिहायचं, हा प्रश्न पडेल. लाभार्थी, कर्मचारी, स्वयंसेवक, निधी संकलक या सगळ्या रकान्यांतून त्या गेल्या. महाराष्ट्रातल्या ज्या संस्था पन्नास, पंच्याहत्तर, शंभर वर्षं टिकल्या, त्यांचा इतिहास वाचताना अशी माणसं वारंवार भेटतात. ज्याला मदत मिळाली तोच पुढे मदत उभी करणारा झाला. शिबिराला आठवडाभर आलेला मुलगा आयुष्यभर राहिला. वर्षाला पैसा देणाऱ्याचा मुलगा विश्वस्त झाला. संस्थेच्या आत माणसाला अशी वाट चालता येणं आणि संस्थेने ती वाट मोकळी ठेवणं, माझ्या मते पिढ्या जोडण्याचं सगळं काम एवढ्यात आलं.

कोणत्याही सामाजिक संस्थेच्या वार्षिक सभेत आज एक वाक्य हमखास ऐकू येतं: ‘आता तरुण येत नाहीत.’ बोलणारा मनापासून बोलत असतो, त्याला संस्थेची काळजी असते. पण खोलीत पाहिलं तर बहुधा असं दिसतं की नव्या माणसाला सुरुवात करता येईल इतकं छोटं काम तिथे कुणी आखलेलं नाही, आणि तो टिकून राहावा इतका मोठा अधिकार त्याच्या हाती द्यायची कुणाची तयारी नाही. या दोन गोष्टी जुन्या लोकांनी कशा जमवल्या होत्या, ते आधी पाहू.

विसाव्या शतकाच्या सुरुवातीला अंताजी दामोदर काळे यांनी पैसा फंडाची कल्पना लावून धरली. प्रत्येकाने वर्षाला एक पैसा द्यायचा आणि त्यातून स्वदेशी उद्योग उभा करायचा. लोकमान्य टिळकांनी या कल्पनेला पाठबळ दिलं आणि 1908 मध्ये तळेगाव दाभाड्याला काचेचा कारखाना सुरू झाला. परदेशात काचकामाचं शिक्षण घेतलेले ईश्वरदास वार्ष्णेय तिथे तंत्र शिकवायला होते. रकमेच्या दृष्टीने एक पैसा तेव्हाही किरकोळच होता. पण तो गोळा करायला हजारो दारं ठोठावावी लागत, आणि ठोठावणारी माणसं बहुतेक तरुण, विनावेतन काम करणारी असत. पैसा देणाऱ्या घराला आपल्या काचेचा अभिमान वाटे, पैसा मागणाऱ्या मुलाला समाजापुढे उभं राहून बोलायची सवय लागे. निधी आणि कार्यकर्ता दोन्ही एकाच फेरीतून तयार होत होते.

कर्मवीर भाऊराव पाटलांचा मुष्टिफंड याच जातीचा, पण त्याहून घरगुती. 1919 मध्ये कराडजवळ काले इथे रयत शिक्षण संस्था सुरू झाली, 1924 मध्ये साताऱ्याला सगळ्या जातींच्या मुलांचं एकत्र वसतिगृह उभं राहिलं. मुलं राहणार, जेवणार. पैसा कुठून आणायचा? भाऊरावांच्या पत्नी लक्ष्मीबाईंनी आपले दागिने मोडले, ते सर्वश्रुत आहे. पण संस्था एका बाईच्या दागिन्यांवर चालत नाही. तेव्हा गावातल्या बायकांनी रोज दळायला-रांधायला घेतलेल्या धान्यातून मूठभर वेगळं काढून ठेवायचं आणि वसतिगृहाने ते गोळा करायचं, अशी पद्धत सुरू झाली. रोख रक्कम जिच्या हाती कधीच नसे, त्या शेतकरी बाईलाही यात देणगीदार होता आलं. मूठ वेगळी काढताना शेजारी उभी असलेली मुलगी ते पाहत होती. दान हे घरातल्या रोजच्या स्वयंपाकाचा भाग झालं की पुढच्या पिढीला ते वेगळं शिकवावं लागत नाही.

आणि ज्या मुलांनी ते धान्य खाल्लं, ती कुठे गेली? भाऊरावांनी त्यांना फुकट जेवायला दिलं नव्हतं. स्वावलंबनाचं व्रत पहिल्यापासून होतं. मुलं शेतात राबत, विहिरी खणत, इमारतींना दगड वाहत. ‘कमवा आणि शिका’ ही योजना त्यातून पुढे आली आणि 1947 मध्ये सुरू झालेल्या साताऱ्याच्या छत्रपती शिवाजी कॉलेजात ती रुजली. ज्या भिंतीला आपण दगड वाहिला, ती भिंत आपली वाटते. त्यामुळे वसतिगृहातून बाहेर पडलेली मुलं शिक्षक होऊन संस्थेच्याच शाळांत परतली. बॅरिस्टर पी. जी. पाटील भाऊरावांच्या हाताखाली वाढले, विलायतेत शिकून आले, पुन्हा ‘रयत’च्या कामाला लागले आणि पुढे शिवाजी विद्यापीठाचे कुलगुरूही झाले. संस्थेच्या माजी विद्यार्थ्यांना आज पत्रं पाठवून ‘ऋण फेडा’ म्हणणाऱ्यांनी हा क्रम लक्षात घ्यावा. त्या मुलांकडून काम आधी घेतलं होतं. ऋणाची जाणीव त्यातून आली.

बाबा आमट्यांनी हेच सूत्र निराळ्या काळात, शहरी मुलांसाठी वापरलं. वरोऱ्याजवळचं आनंदवन 1951 मध्ये विनोबांच्या हस्ते सुरू झालं, तेव्हा तिथे येणारा पाहुणा कुष्ठरोग्याच्या हातचं पाणी प्यायला कचरत असे. ती भीती व्याख्यानाने जाणारी नव्हती. 1960च्या दशकाच्या शेवटी चंद्रपूर जिल्ह्यातल्या सोमनाथ प्रकल्पावर श्रमसंस्कार छावणी सुरू झाली, आणि ती भरायची मे महिन्याच्या मध्यात. चंद्रपूरचा मे महिना म्हणजे काय, ते विदर्भातल्या माणसाला सांगायला नको. पहाटे उठून कुदळ-फावडं घ्यायचं, ऊन चढेपर्यंत बांध घालायचे, दुपारी चर्चा, रात्री गाणी. आठ दिवसांत शरीर दुखून येई आणि शेजारी काम करणारा हात बोटं झडलेला आहे, हे मनातून निघून जाई.

छावणीला आलेली सगळी मुलं समाजसेवक झाली नाहीत; तशी कुणाची अपेक्षाही नव्हती. बहुतेक जण परत गेले, नोकऱ्या केल्या, संसार केले. पण गेली पन्नास वर्षं आनंदवनाला आणि 1973 मध्ये भामरागडच्या जंगलात सुरू झालेल्या हेमलकशाच्या लोकबिरादरी प्रकल्पाला शहरांतून जी मदत येत राहिली, तिच्यामागे अशा मुलांचं एक मोठं वर्तुळ आहे. कुणी डॉक्टर होऊन शस्त्रक्रिया शिबिराला जातो, कुणी गावातून धान्य पाठवतो, कुणी आपल्या मुलाला छावणीला धाडतो. थोडे जण मात्र खरोखरच राहिले. पुण्यात धंदा करणारे विलास मनोहर हेमलकशाला आले आणि तिथलेच झाले. बिबट्यावरचं त्यांचं ‘नेगल’ हे पुस्तक आज शाळकरी मुलं वाचतात आणि त्यातली काही पुढे त्या जंगलाची वाट धरतात.

बाबांनी सत्तरी ओलांडल्यावर 1985 च्या डिसेंबरात ‘भारत जोडो’ अभियान काढलं. कन्याकुमारीपासून काश्मीरपर्यंत, शंभराहून अधिक तरुण-तरुणी सायकलवर. बाबांच्या पाठीच्या मणक्यांची अवस्था अशी होती की त्यांना बसताही येत नसे. ते गाडीत आडवे पडून सोबत होते. पेडल मारायचं काम, गावागावांत बोलायचं काम, भांडण झालं तर मिटवायचं काम मुलांचं. वडीलधाऱ्याने सोबत असावं, दिशा द्यावी आणि चालवणं मात्र दुसऱ्याच्या पायांवर सोडावं, याचं इतकं उघड उदाहरण मला दुसरं माहीत नाही. त्या यात्रेतून परतलेले कित्येक जण पुढे आपापल्या भागात चळवळींत आणि संस्थांत उभे राहिले.

आता आजच्या मुलांकडे वळू. त्यांना वेळ नाही, असं म्हणतात. पुण्यात जून-जुलैपासून संध्याकाळी नदीपात्रात जाऊन उभं राहावं. ढोल-ताशा पथकांचा सराव चालू असतो. महाविद्यालयातली मुलं-मुली, आयटी कंपनीतून थेट आलेले तरुण, बँकेत काम करणाऱ्या बायका, कमरेला जड ढोल बांधून रोज दोन-दोन तास वाजवत असतात. एक पैसा मिळत नाही, उलट पथकाची वर्गणी भरावी लागते. हाताला फोड येतात. आणि गणपती संपला की यातली काही पथकं मिळालेली बिदागी सामाजिक कामाला देतात. वेळ आहे, कष्टाची तयारी आहे, शिस्तही आहे. पथकात काय आहे, ते संस्थांनी नीट बघायला हवं: ठरावीक मुदत आहे, कधी सुरू आणि कधी संपणार ते माहीत आहे, शिकायला काहीतरी अवघड आहे, आपण नसलो तर ओळीत जागा रिकामी दिसते, आणि नीट वाजवणाऱ्याला पुढच्या वर्षी दुसऱ्यांना शिकवायला मिळतं. यातलं जात-धर्माच्या किंवा उत्सवाच्या आकर्षणापुरतं काहीच नाही. हेच सगळं अभ्यासिकेत किंवा रुग्णालयात करता येतं.

पाणी फाउंडेशनच्या वॉटर कप स्पर्धेने नेमकं हेच केलं. 2016 मध्ये वरुड, कोरेगाव आणि अंबाजोगाई या तीन तालुक्यांतली 116 गावं स्पर्धेत उतरली. ऐन उन्हाळ्यात पंचेचाळीस दिवस, शेतातल्या मातीत चर आणि बांध. मुदत ठरलेली होती. काय करायचं ते आधी शिकवलं होतं: गावातले निवडक स्त्री-पुरुष प्रशिक्षणाला जात आणि परत येऊन गावाला शिकवत. मोजमाप होतं, त्यामुळे कालचं काम आज डोळ्यांना दिसे. कोरेगाव तालुक्यातलं वेळू गाव पहिल्या वर्षी जिंकलं. 2018 पर्यंत स्पर्धा 75 तालुक्यांत पोचली आणि त्या वर्षीच्या एक मेला महाश्रमदानासाठी शहरांतून ‘जलमित्र’ गावांकडे निघाले. बांधावर तेव्हा आजी घमेलं पुढे सरकवत होत्या, शाळकरी पोरं पाणी वाटत होती, मुंबईच्या कार्यालयातला माणूस पहिल्यांदा कुदळ धरत होता. पाणलोटाच्या तांत्रिक बाजूवर आणि श्रमदानाच्या टिकाऊपणावर अभ्यासकांनी आक्षेप घेतले आहेत आणि ते तपासायलाच हवेत. पण तीन पिढ्यांना एका बांधावर आणण्याची रीत त्या गावांनी दाखवून दिली, ती मोलाची आहे.

राष्ट्रीय सेवा योजना या बाबतीत थोडी दुर्दैवी ठरली. गांधी जन्मशताब्दीच्या वर्षी, 24 सप्टेंबर 1969 ला, 37 विद्यापीठांतल्या 40,000 विद्यार्थ्यांसह ती सुरू झाली. दोन वर्षांत 240 तास सेवा आणि सात दिवसांचं निवासी शिबिर, ही रचना उत्तम आहे. ज्या महाविद्यालयात मन लावून काम करणारा कार्यक्रम अधिकारी मिळतो, तिथे तिने माणसं घडवली. पण पुष्कळ ठिकाणी तास भरले आणि प्रमाणपत्र घेतलं, एवढ्यावर ती येऊन थांबते. गावात सात दिवस राहून गेलेल्या मुलांची नावं त्या गावातल्या संस्थेकडेही नसतात. एवढी मोठी तरुण फौज दर वर्षी दारापर्यंत येऊन परत जाते, याचं मला फार वाईट वाटतं.

डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग यांनी 2006 मध्ये गडचिरोलीच्या शोधग्राममधून ‘निर्माण’ सुरू केलं, तेव्हा सोमनाथच्या छावणीचं उदाहरण समोर होतंच. पण समोरची मुलं वेगळी होती. त्यांना स्पर्धा परीक्षा, कॅम्पस मुलाखती, पॅकेज यांच्या रेट्यात ‘मी या आयुष्याचं काय करू’ हा प्रश्न विचारायला जागाच नव्हती. निर्माण त्या प्रश्नापासून सुरू होतं. विशीतली मुलं अर्ज करतात, निवडली जातात, काही महिन्यांच्या अंतराने शिबिरांना येतात, मधल्या काळात आपल्या भागातली एखादी समस्या हाताळून बघतात. ज्याला पुढे जायचं असेल त्याच्यासाठी ‘कर के देखो’ या नावाची फेलोशिप आहे: ठरावीक काळ, ठरावीक काम, जगण्यापुरते पैसे. त्या नावातच आजच्या पिढीला दिलेलं आश्वासन आहे. करून बघ, नाही जमलं तर तू गुन्हेगार नाहीस.

आधीच्या पिढ्यांनी याच्या अगदी उलट मागणी केली होती. डेक्कन एज्युकेशन सोसायटी 1884 मध्ये स्थापन झाली, तिच्या आजीव सभासदांनी वीस वर्षं सेवेची प्रतिज्ञा घ्यायची असे. कर्व्यांनी निष्काम कर्म मठ काढला तो तर संस्थेला आयुष्य वाहणारे लोक मिळावेत म्हणूनच. आज कुणी तरुणाला पहिल्याच भेटीत वीस वर्षं मागत असेल, तर तो हाती रिकामी झोळी घेऊनच परतेल. दोन वर्षं मागावीत, ती त्याला चांगली जातील असं बघावं. त्यातले काही जण आपण होऊन वीस वर्षं देतात.

पैशाच्या बाबतीतही पिढ्यांचे रस्ते निराळे झाले आहेत. ‘लोकसत्ता’ 2011 पासून दर गणेशोत्सवात ‘सर्वकार्येषु सर्वदा’ या उपक्रमात दहा संस्थांची ओळख करून देतो आणि वाचक धनादेश पाठवतात. त्यात निवृत्तांचा वाटा ठळक असतो. हा देणगीदार वर्तमानपत्रावर, ओळखीच्या माणसावर, संस्थाचालकाच्या साधेपणावर विश्वास ठेवतो. त्याला पोस्टाने पावती आणि सहीचं पत्र आलं की समाधान होतं, आणि बहुधा तो पुढच्या वर्षी पुन्हा देतो. पुण्यात 2005 पासून भरणारं ‘देणे समाजाचे’ हे प्रदर्शन पितृपंधरवड्यात असतं, ही निवड मला फार शहाणपणाची वाटते. आई-वडिलांच्या तिथीला काहीतरी द्यावं, ही भावना घराघरात आहेच. तिला तिथे आश्रमशाळा, वृद्धाश्रम, अपंगांच्या कार्यशाळा चालवणारी खरी माणसं भेटतात. सर विठ्ठलदास ठाकरसींनी 1920 मध्ये कर्व्यांच्या महिला विद्यापीठाला पंधरा लाख रुपये दिले, ते आईच्या नावाने दिले, आणि नाथीबाईंचं नाव त्या विद्यापीठाला आजही आहे. गेलेल्यांची आठवण हा आपल्याकडे दानाचा फार जुना आणि सच्चा मार्ग आहे. आजोबांच्या तिथीची देणगी नातीच्या हातून द्यायला लावली, तर ती संस्था तिच्याही ओळखीची होते.

तरुण देणगीदार वेगळ्या रीतीने येतो. यूपीआय 2016 मध्ये आलं आणि शंभर-दोनशे रुपये देणं चहाचे पैसे देण्याइतकं सोपं झालं. हा देणगीदार संस्थेच्या अध्यक्षाला ओळखत नाही. मित्राने पाठवलेला एखादा व्हिडिओ पाहून तो देतो आणि महिन्याने ‘माझ्या पैशाचं काय झालं’ असं विचारतो. काही ज्येष्ठांना यात अविश्वास दिसतो. मला मात्र यात आस्था दिसते. ज्याला पर्वा नाही तो विचारतच नाही. करसवलतीचं आमिष त्याच्यापुढे फारसं चालत नाही, कारण नोकरदार तरुणांपैकी अनेकांनी नवी करपद्धत स्वीकारली आहे आणि तिच्यात ‘80-जी’ची वजावट मिळतच नाही. तेव्हा देणगीपत्रकावर सगळ्यात मोठ्या अक्षरांत करसवलत छापण्याचे दिवस गेले. त्या जागी पाच ओळींत लिहावं की एका मुलीच्या वसतिगृहाचा वर्षाचा खर्च किती आणि त्यातला कोणता भाग अजून जमायचा आहे.

इथे एक धोकाही आहे. डोळ्यांना दिसणाऱ्या, चटकन सांगता येणाऱ्या कामाला पैसा मिळतो आणि संथ कामाला मिळत नाही. व्यसनमुक्ती, मानसिक आजार, कायद्याची लढाई, यांचे ‘आधी’ आणि ‘नंतर’ असे फोटो काढता येत नाहीत, काढूही नयेत. लाभार्थी मुलाचा रडका चेहरा दाखवून जमवलेला निधी त्या मुलाच्या अब्रूच्या मोबदल्यात आलेला असतो. तरुण देणगीदाराला संथ काम समजावून सांगणं, हे संस्थेचंच शिक्षणाचं काम आहे.

पस्तीस ते पन्नासची पिढी या सगळ्यात हरवते. घराचे हप्ते, मुलांच्या शाळा, आई-वडिलांचे दवाखाने. वेळ खरोखरच नसतो. पण उन्हाळ्याच्या आणि दिवाळीच्या सुट्टीत हीच कुटुंबं गाडी काढून आनंदवन-हेमलकशाला जातात आणि मुलांना दाखवून आणतात. या भेटीकडे पर्यटन म्हणून नाक मुरडू नये. त्या दिवशी मुलांना एखादं झाड लावायला, भाजी निवडायला, तिथल्या मुलांशी कबड्डी खेळायला मिळालं, तर सात-आठ वर्षांनी छावणीचा अर्ज कोण भरणार ते तेव्हाच ठरतं. परदेशातल्या मराठी माणसांचंही काहीसं असंच आहे. अमेरिकेत 1978 मध्ये महाराष्ट्र फाउंडेशन स्थापन झालं, 1994 पासून त्याचे पुरस्कार इथल्या लेखकांना आणि कार्यकर्त्यांना मिळू लागले. ती पिढी इथून गेलेली होती, तिला गावाचं नाव सांगितलं की पुरे. तिकडे जन्मलेल्या मुलांना गाव प्रत्यक्ष भेटायला हवं.

निवृत्तांविषयी मात्र थोडं थांबून बोलायला हवं. राज्य सरकारचे बहुसंख्य कर्मचारी 58 व्या वर्षी, बँकेतले 60 व्या वर्षी मोकळे होतात. पुढे वीस वर्षं धडधाकट आयुष्य असू शकतं. आपण त्यांना काय देतो? व्यासपीठावर खुर्ची, शाल-श्रीफळ, दीपप्रज्वलन. खरं तर ग्रामीण भागातल्या कितीतरी छोट्या संस्था हिशेबात अडकतात: धर्मादाय आयुक्तांकडे दर वर्षी जाणारे हिशेब, देणगीदारांचे दाखले, अनुदानाची उपयोगिता प्रमाणपत्रं. निवृत्त बँक अधिकाऱ्याने आठवड्यातले दोन दिवस दिले तर संस्थेचा श्वास मोकळा होतो. तालुक्यात तीस वर्षं शिकवलेल्या गुरुजींना प्रत्येक वाडीतलं घर माहीत असतं. सर्वेक्षणाला निघालेल्या तरुण डॉक्टरला त्यांच्याइतका उपयोगी सोबती नाही. अशा जोड्या लावणं सभेत ‘दोन पिढ्यांचा संवाद’ ठेवण्यापेक्षा कितीतरी फलदायी आहे, कारण संवाद कामाच्या ओघात आपोआप होतो.

आता अधिकाराचा प्रश्न. महाराष्ट्रात न्यासाचे विश्वस्त बदलले की नव्वद दिवसांत धर्मादाय कार्यालयात त्याची नोंद करायला अर्ज द्यावा लागतो. संस्थांच्या भाषेत ‘चेंज रिपोर्ट’. कितीतरी संस्थांचे चेंज रिपोर्ट फक्त कुणी वारल्यावरच दाखल होतात. पंचवीस वर्षांच्या मुलीने गावात दोन वर्षं घालवली, तिला रोजच्या कामाची नस कळली, तरी वर्षाच्या अंदाजपत्रकात तिचा शब्द नसतो. मग ती जाते, आणि सभेत पुन्हा ‘आता तरुण येत नाहीत’ हे वाक्य येतं.

याहून वेगळं घडलेलं मुक्तांगणमध्ये दिसतं. अनिल अवचटांचं गर्दच्या व्यसनावरचं लेखन वाचून पु. ल. आणि सुनीताबाई देशपांडे अस्वस्थ झाले, त्यांनी एक लाख रुपये दिले आणि 1986 मध्ये डॉ. अनिता अवचटांनी पुण्यात येरवड्याला व्यसनमुक्ती केंद्र सुरू केलं. तिथून बरे झालेले रुग्ण तिथेच समुपदेशक झाले. नव्याने दाखल झालेल्या माणसाला ‘मी पण याच खाटेवर होतो’ असं सांगणारा माणूस, कोणतंही पुस्तक देऊ शकत नाही ते देतो. अनितांच्या निधनानंतर मुक्ता पुणतांबेकरांनी काम पुढे नेलं. त्या संस्थापकांच्या कन्या आहेत, आणि घराण्यातून आलेलं नेतृत्व हा आपल्या संस्थांमधला नाजूक विषय आहे. माझी कसोटी साधी आहे: नव्या प्रमुखाच्या आजूबाजूला घराबाहेरचे किती लोक निर्णय घेतात? मुक्तांगणात जबाबदारीच्या जागांवर बरे झालेले रुग्ण आहेत, ही गोष्ट मला आडनावापेक्षा महत्त्वाची वाटते.

आणि शेवटी मानधन, ज्याविषयी बोलायला सगळे संकोचतात. देणगीदाराला खोली बांधून द्यायची असते, तिच्यावर वडिलांच्या नावाची पाटी लागते. रुग्णवाहिका द्यायची असते, तिच्यावर नाव रंगवता येतं. तिच्या चालकाचा पगार मात्र कुणालाच द्यायचा नसतो. त्यामुळे इमारती उभ्या राहतात आणि त्यांत काम करणारे तिशीतले कार्यकर्ते लग्न ठरलं की नाइलाजाने शहराची नोकरी धरतात. त्याग कमी पडला म्हणून हे होत नाही. ज्या काळाला आपण त्यागाचा काळ म्हणतो त्या काळातही डेक्कन एज्युकेशन सोसायटीच्या आजीव सभासदाला दरमहा 75 रुपये ठरलेले होते आणि वीस वर्षांनंतर लहानसं निवृत्तिवेतन होतं. गोपाळ कृष्ण गोखल्यांनीही याच अटींवर काम केलं. रक्कम थोडी होती, पण महिन्याच्या महिन्याला येणार हे नक्की होतं, आणि त्या भरवशावर माणूस वीस वर्षांची प्रतिज्ञा घेऊ शकत होता. ज्याला आईच्या नावाने काही द्यायचं आहे, त्याने पुढच्या पितृपंधरवड्यात संस्थेला विचारावं की तुमच्याकडच्या एका तरुण कार्यकर्त्याचं वर्षभराचं मानधन किती होतं. चार भावंडांनी, किंवा कॉलेजच्या एका बॅचने मिळून ते तीन वर्षांसाठी उचलावं. संस्थेनेही ते घेताना संकोचू नये, आणि त्या कार्यकर्तीला वर्षातून एकदा त्या भावंडांसमोर बसवून तिच्या कामाविषयी तिलाच बोलू द्यावं.